कानाचं खातं

ओतारूच्या पाणीपुरवठा विभागात मी रुजू झालो
तेव्हा मला मिळालं एक हेल्मेट, एक चमकतं जाकीट,
आणि इशिगुरोबाई.
वय अठ्ठावन्न. निवृत्तीला दोन हिवाळे.

रात्री एकनंतर आमचं काम सुरू.
दिवसा शहर स्वतःच बोलत असतं, त्या म्हणतात.
चढावर उभ्या राहतात, पोलादी काठी
जमिनीतल्या झडपेवर टेकवतात,
वरच्या चकतीला कान लावतात
आणि श्वास घ्यायचं विसरतात.
"ऐक."
मी ऐकलं. काहीच नाही.
"ते काहीच नाही नीट ऐकून ठेव.
बाकी सगळं त्याच्यावरून ओळखायचं."

बारीक गळती तापल्या तव्यावरच्या थेंबासारखी चरचरते,
जुन्या बिडाच्या नळात घुमते,
प्लास्टिकच्या नळात मुकी होते,
आणि बंदराकडे उतरणारं गटार
तिची हुबेहूब नक्कल करतं.
नक्कल ओळखायला मला सहा वर्षं लागली, त्या म्हणाल्या,
तू हुशार दिसतोस, तुला सात लागतील.

नगरसभेत दर मार्चला एक ओळ वाचतात:
गळतीचं प्रमाण इतके इतके टक्के.
यंदा एका सभासदानं विचारलं,
यंत्र घेतलं तर माणूस कमी होईल का?
कानेमित्सु साहेब म्हणाले, अभ्यास चालू आहे.
इतिवृत्तात तेवढंच आहे.
इशिगुरोबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, ते नाही.
बाहेर पडताना त्या शिपायाला म्हणाल्या, असं ऐकतो,
की तुमच्या मोरीतल्या दुसऱ्या नळाचं वॉशर गेलंय.

ऑक्टोबर संपत आला.
बर्फ पडलं की रस्त्याच्या तोंडावर उशी,
त्याआधी जमेल तेवढं शहर ऐकून घ्यायचं.
हेरिंग मासळीच्या जुन्या गोदामांमागची गल्ली,
अकरा घरं, अकरा मीटर.
आठव्याशी त्या थांबल्या.
काठी टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली.
"गळती?"
"नाही. अजिबात नाही."
झाकण उघडून टॉर्च मारला.
सोमवारी वहीत टिपला होता तोच आकडा,
आणि आज शुक्रवार.

हामानाका आजोबा, एकटे, रात्री तीनदा उठणारे.
तीनदा टाकी भरते, तीनदा नळ गुरगुरतो.
पंचवीस वर्षं त्या या माणसाला एवढ्यावर ओळखतात,
चेहरा पाहिलेला नाही.

नियम असा की दार वाजवायचं नाही.
ज्येष्ठ कल्याण विभागाला कळवायचं,
तक्ता क्रमांक सोळा, सकाळी पावणेनऊनंतर.
बाईंनी तक्ता भरला, शिक्का मारला,
घडी घालून माझ्या खिशात ठेवला
आणि दार वाजवलं.
हातानं, मग काठीनं.

शेजारची खिडकी उघडली.
आजोबा लेकीकडे साप्पोरोला गेलेत,
तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे,
आणि तुम्हाला घड्याळ कळतं का?

तक्रार आली. लेखी, तीन प्रतींत.
दिलगिरीचं पत्र मी लिहिलं, बाईंनी दोनदा दुरुस्त केलं,
"गैरसोय" हा शब्द त्यांना पुरेसा वाटेना.
ते पत्र आता फाइलमध्ये आहे,
तक्ता क्रमांक सोळाच्या पाठीला टाचलेलं.

नोव्हेंबरात, पहिल्या बर्फाच्या आदल्या रात्री,
त्याच गल्लीत त्यांनी काठी माझ्या हातात दिली
आणि स्वतः थर्मासमधला चहा ओतत बसल्या,
जसं काही त्यांना फरकच पडत नव्हता.
मी कान लावला.
आधी माझीच नाडी.
मग फार आत, कुणीतरी साखळी ओढली,
टाकी भरू लागली,
भरत राहिली, थांबली.

मी वेळ लिहिली. दोन वाजून दहा.
त्यासाठी तक्त्यात रकाना नाही,
म्हणून शेऱ्यात लिहिलं: पाणी चालू.
बाईंनी वाचलं, आणि पेन मागून घेऊन
खाली आपला शिक्का मारायची जागा आखली.